पहाटे तीनची धडधड: ताण घालवायचा की कामाला लावायचा?

मोगरा_कोथरूड | ९ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

चतुर्थी २७ तारखेला आहे. आज रात्रीपर्यंत माझ्या वहीत ६१० उकडीच्या मोदकांची मागणी लिहून झाली, आणि आजपासूनच पोटात गोळा यायला लागलाय. दरवर्षी येतो. यंदा सातवं वर्ष. या गोळ्याकडे बघायची माझी नजर मधल्या काळात बदलली, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पहिलं वर्ष २०१९. मागणी फक्त २१० मोदकांची. घरच्यांसाठी वर्षानुवर्षं केलेले, त्यामुळे येत नाही असं काही नव्हतं. पण आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तीनच्या सुमारास छाती अशी धडधडायला लागली की उठून बसले. हाताला घाम, तोंडाला कोरड. वाटलं, पडून तरी काय होणार आहे, लवकर सुरू केलं तर लवकर संपेल. म्हणून थेट आधण ठेवलं.

उकडीला पाणी आणि पिठी सारख्याच मापाने घ्यायची, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. त्या पहाटे मी वाट्या मोजताना चुकले. उकड चिकट झाली. दुसरी घाईत घातली, ती नीट ढवळली नाही, तिच्यात गुठळ्या. तिसरी बरी झाली, पण मळेपर्यंत माझा धीर सुटला होता. पारी करताना अंगठा आत आणि बोटं बाहेर ठेवून कड पातळ करत न्यायची असते. हात थरथरत असला की ती कड नाही, बूड आधी फाटतं. कळ्या पाडेपर्यंत सारण बोटाला लागायचं. नऊ वाजता दारात लोक उभे आणि माझे तयार मोदक ऐंशी. शेजारच्या इमारतीतल्या एक आजी एकवीस न्यायला आल्या होत्या, त्यांना मी अकरा देऊ शकले. त्या काही बोलल्या नाहीत. डबा पदराखाली धरून जिना उतरल्या. ती पाठ मला अजून दिसते.

त्यानंतर मी ठरवलं होतं की हे आपलं काम नाही, आपला स्वभाव घाबरट.

सासूबाईंनी मंगल कार्यालयाच्या मुदपाकखान्यात वीस वर्षं काढली आहेत. दोनदोनशे पानांच्या पंगती. त्यांना विचारलं, तुम्हाला कधी भीती वाटली नाही का? त्या म्हणाल्या, "वाटायची की. रोज वाटायची. धडधडायला लागलं की मी नारळ खवायला बसायचे. भाजीच्या फोडणीला त्या वेळी हात लावायचे नाही." एवढंच. पुढे काही समजावून सांगितलं नाही.

२०२० मध्ये करोनामुळे मागणी नव्हतीच. २०२१ ला पुन्हा हिय्या केला. तेव्हापासून पहाटेसाठी मुद्दाम दहा नारळ न खवता ठेवते. तीनला जाग येते, धडधड असतेच. आता मी पडून राहून ती थांबवायच्या मागे लागत नाही. विळी घेऊन बसते. पहिले दोन नारळ अगदी वेडेवाकडे खवले जातात, करवंटीचा काळा भागही येतो (तो कीस मी घरच्या चटणीला बाजूला काढते). चौथ्या-पाचव्या नारळापर्यंत श्वास त्या खरखरीच्या तालावर आलेला असतो. दहावा संपतो तेव्हा छाती शांत झालेली नसते, पण अंगात एक ऊब आलेली असते, नजर स्वच्छ झालेली असते. मग आधण ठेवते. भाजेल इतकी गरम उकड तेल-पाण्याचा हात लावून मळायला जो जोर लागतो, तो मला इतर कुठल्या दिवशी येत नाही. चतुर्थीच्या पहाटे येतो. म्हणजे ज्या धडधडीने २०१९ ला माझं काम बिघडवलं, तीच आता परात सांभाळते.

दुसरी गोष्ट वहीची. गोळा यायला लागला की वहीत मधोमध रेघ मारते. डावीकडे भीती लिहायची, उजवीकडे त्यावरचं काम. "सिलिंडर मध्येच संपला तर?" पुढे: दुसरा आधी भरून ठेवणे. "मदतीची एक बाई आली नाही तर?" पुढे: नणंदेला मुक्कामाला बोलावणे. "मोदक फुटले तर?" पुढे: प्रत्येक घाण्याला चार जास्त. काही भीतींपुढे काहीच लिहिता येत नाही, उदाहरणार्थ पाऊस. तिथे फुली मारते. गेल्या वर्षी अशा तेवीस ओळी होत्या, त्यातल्या चार फुल्या. ती वहीच माझी तयारी. पोटात गोळा आला नसता तर त्या एकोणीस गोष्टी मला सुचल्याही नसत्या.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः ज्यांचं काम माझ्यापेक्षा जोखमीचं आहे त्यांचे.

अनुस्वार | ९ ऑगस्ट, रात्री ११.५५

ताई, फार मनापासून लिहिलंय. वाचताना सचिन तेंडुलकर आठवला. २०२१ च्या मे महिन्यात एका कार्यक्रमात तो याबद्दल मोकळेपणी बोलला होता. दहा-बारा वर्षं सामन्याच्या आदल्या रात्री त्याला धड झोप लागत नसे. पुढे त्याने हे आपल्या तयारीचाच भाग आहे असं मान्य केलं आणि झोपेशी झगडणं सोडून दिलं. त्याऐवजी मन रमेल असं काहीतरी करायचा. चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं, बॅग भरून ठेवणं, यांनीही आपली सामन्याची तयारी होते असं त्याने सांगितलं होतं.

तुमचे दहा नारळ आणि त्याची इस्त्री मला एकाच जातीची वाटतात.

शास्त्रीरोड | १० ऑगस्ट, सकाळी ७.१०

मी परभणी जिल्ह्यातला. पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहतो, अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरतो ते रात्री अकराला उठतो. पाचवं वर्ष. राज्यसेवा, म्हणजे एमपीएससीची परीक्षा.

मोगराताई, तुमचं लिखाण आवडलं, पण माझी अडचण वेगळी आहे. तुमची चतुर्थी ठरलेल्या दिवशी येते आणि दुपारी बाराला नैवेद्य झाला की संपते. आमची तशी येत नाही. गेल्या वर्षी २५ ऑगस्टची पूर्व परीक्षा बँकेच्या परीक्षेच्याच दिवशी आली, मुलं रस्त्यावर बसली, मीही बसलो. परीक्षा पुढे गेली आणि शेवटी १ डिसेंबरला झाली. २५ ऑगस्टसाठी अंगात जे भरून आणलं होतं ते सप्टेंबरात ओसरलं. डिसेंबरला पुन्हा भरून आणता आलं नाही. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे चार वर्षांची सवय मोडून हाताने पानंच्या पानं लिहायची.

घरून फोन आला की वडील अभ्यासाचं विचारत नाहीत. जेवलास का, एवढंच विचारतात. त्याचाच जास्त ताण येतो. मेसचे महिन्याचे पैसे त्यांनी सोयाबीनमधून काढलेले असतात.

रात्री अर्थशास्त्राचं एकच पान तीन-तीनदा वाचतो आणि काही डोक्यात शिरत नाही. हा ताण स्वीकारायचा म्हणजे नक्की काय करायचं? मी मनापासून विचारतोय.

निवृत्त_मास्तर | १० ऑगस्ट, दुपारी ४.२०

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो. शास्त्रीरोड, तुमच्या प्रश्नासाठीच लिहितो आहे.

आधी धडधडीबद्दल. संकट दिसलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, यकृतातली साखर रक्तात येते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. पोटात गोळा, हातापायाला घाम, तोंडाला कोरड ही सगळी त्याच बदलाची चिन्हं. वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला 'लढा किंवा पळा' म्हटलं. म्हणजे शरीर तुम्हाला बिघडवत नसतं, ते तुम्हाला काम करण्यासाठी इंधन पुरवत असतं. मोगराताईंना उकड मळायला मिळणारा जोर हा त्या इंधनाचाच.

मग पहिल्या वर्षी काम का बिघडलं? १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना दोन पेट्यांमधला उजेड-अंधाराचा फरक ओळखायला शिकवलं. चुकीच्या पेटीत शिरलं की विजेचा झटका. फरक सोपा होता तेव्हा झटका जितका जोराचा तितकं उंदीर लवकर शिकले. फरक ओळखायला अवघड केला तेव्हा मात्र मध्यम झटका सर्वांत उपयोगी ठरला, जोराच्या झटक्याने शिकणं मंदावलं. उंदरांवरून माणसांबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, मी वर्गातही हे बजावायचो. पण सोप्या कामाला जास्त ताण चालतो आणि नाजूक कामाला कमी लागतो, हे बहुतेकांच्या अनुभवाला येतं. नारळ खवणं आणि पारी करणं यातला फरक तोच. ताईंच्या सासूबाईंना हे मुदपाकखान्यात कळलं होतं, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आता तुमचं अर्थशास्त्राचं पान. रात्री अकराला, धडधड वर असताना, नवीन आणि अवघड विषय हातात घेऊ नका. त्या वेळी तुमचा 'नारळ' घ्या. जुन्या प्रश्नपत्रिकांतले एका ओळीचे प्रश्न, नकाशा भरणं, पाठ असलेली कलमं लिहून काढणं. हात चालू द्या. अर्थशास्त्र सकाळी सातला.

आणि एक. हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांवरून जे छोटं टिपण प्रसिद्ध केलं, त्यातून आजचा ताणाचा अभ्यास उभा राहिला. वेगवेगळ्या प्रकारच्या त्रासाला शरीर एकाच ठरावीक रीतीने प्रतिसाद देतं, असं त्यांना दिसलं. आधी इशारा, मग तग धरणं, आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी थकून कोसळणं. तुमची पाच वर्षं मला त्या दृष्टीने काळजीची वाटतात. मधे विसावा नसेल तर इंधनच अंगावर येतं. आठवड्यातली एक संध्याकाळ पर्वतीच्या टेकडीवर जा. १०३ पायऱ्या आहेत, वर जाऊन बसा. मोबाइल खोलीवर ठेवा.

हिंजवडी_ते_वारजे | १० ऑगस्ट, रात्री ११.३०

मास्तरांनी शेवटी जे लिहिलंय ते सगळ्यात आधी यायला हवं होतं असं मला वाटतं. म्हणून माझं सांगतो.

मी आयटीत. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत, नाव महत्त्वाचं नाही, "ताणाशी मैत्री करा" अशी एक कार्यशाळा झाली. त्याच महिन्यात आमच्या टीममधले तिघं गेले आणि त्यांचं काम उरलेल्या चौघांवर आलं. सकाळी भारतातलं, रात्री अमेरिकेतल्या ग्राहकाचे कॉल. दीड तास जायला, दीड तास यायला. मी खरोखर मन लावून ती मैत्री करायचा प्रयत्न केला. छाती धडधडली की स्वतःला सांगायचो, हे इंधन आहे. आठ महिन्यांनी रक्तदाब १६०/१०० निघाला. वय ३६. मुलगी तेव्हा पहिलीत होती, तिच्या वर्गशिक्षिकेचं नाव मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी दिली आणि विचारलं, कामातलं काय कमी करता येईल? तो प्रश्न मला त्या आठ महिन्यांत कोणीही विचारला नव्हता, मीही स्वतःला नाही. शेवटी टीम बदलून घेतली, पगारवाढ सोडली. आता रात्रीचे कॉल आठवड्यातून दोन.

ताण स्वीकारा असं सांगताना तो कोणी आणि का लादला आहे, हे विचारायचं राहून जातं. एवढंच मनापासून सांगायचं आहे. मोगराताई, तुमच्या अनुभवावर अविश्वास नाही.

मोगरा_कोथरूड | ११ ऑगस्ट, दुपारी २.१५

हिंजवडीदादा, बरं केलंत लिहिलंत. तुमचं वाचून मी वही काढून बसले. माझ्या भीतीपुढे मी जे काम लिहिते, ते करायचा अधिकार माझ्याकडे असतो. सिलिंडर माझा, वेळ माझी. ६१० वर गेल्यावर आज तीन फोनना मी नाही म्हणाले. तुमच्याकडे डावीकडच्या रकान्यात ओळी वाढत होत्या आणि उजवीकडे सगळ्या फुल्याच. तसल्या पानाला धीर धरून उपयोग नाही, ते पानच बदलायला हवं, आणि तुम्ही ते केलंत.

२०२२ ला मीसुद्धा ९०० घेतले होते. सगळे वेळेत गेले, पण त्यानंतर आठवडाभर मला ताप होता आणि गौरी माझ्याशिवाय बसल्या. तेव्हापासून ६०० च्या आसपास थांबते. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, राहिलं.

साकव | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६.०५

मी समुपदेशन करते, बरेचसे विद्यार्थी असतात. दोन-तीन गोष्टी जोडते.

२०१४ साली हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण, गणित किंवा चारचौघांत गाण्याआधी काहींना "मी शांत आहे" असं म्हणायला लावलं, काहींना "मला उत्साह वाटतोय" असं. दुसऱ्या गटाचं काम सरस झालं. कारण सोपं आहे. धडधडणाऱ्या छातीला शांत हो म्हणणं म्हणजे उताराला लागलेली गाडी एकदम थांबवणं. भीती आणि उत्साह या दोन्हीत छाती सारखीच धडधडते, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणं सोपं पडतं.

शास्त्रीरोड, तुझ्यासाठी आणखी एक. २०११ साली रामिरेझ आणि बायलॉक यांनी दाखवलं की परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं स्वतःची भीती कागदावर लिहून काढणाऱ्या मुलांना चांगले गुण मिळाले, विशेषतः जी मुलं एरवी परीक्षेला फार घाबरायची त्यांना. ताईंच्या वहीचा डावा रकाना तोच. वडिलांचं, मेसच्या पैशांचं, सोयाबीनचं, सगळं लिही. कोणाला दाखवू नकोस.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करते. ताण वाईट असतो असं मानणारेच लवकर मरतात, असं हल्ली फिरतं. त्याचं मूळ २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. १९९८ च्या सर्वेक्षणातल्या सुमारे २९ हजार लोकांचा पुढचा माग त्यात घेतला होता. ज्यांना ताणही खूप होता आणि त्याने तब्येतीची फार हानी होते असं वाटत होतं, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्के जास्त दिसला. पण ज्यांची तब्येत आधीच ढासळली होती त्यांनाच तसं वाटत असण्याचीही शक्यता आहे. नुसतं मत बदलून आयुष्य वाढतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. हिंजवडीदादांना गोळी आणि कामातली कपात दोन्ही लागली, ते योग्यच झालं.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जेवण जात नाही, कशातच रस वाटत नाही, जगणं नको वाटतं, यातलं काही असेल तर तो वहीने सुटणारा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे जायचं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. शास्त्रीरोड, तुझ्या पोस्टमधली ती रात्र वाचून हे मुद्दाम तुझ्यासाठी लिहिते आहे.

पडद्यामागे | १२ ऑगस्ट, रात्री १२.४०

आत्ताच तालमीहून आलो. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आहे. मी अकरा वर्षांपूर्वी केला, आता कॉलेजच्या मुलांना मदत करतो.

भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं असताना बाहेर "अरे आव्वाज कुणाचा" सुरू होतं आणि पायातलं बळ जातं. माझं गेलं होतं. आमच्या दिग्दर्शकाने मला सेटची खुर्ची धरायला लावली होती. अंधार झाला की ती खुर्ची तू नेऊन ठेवायचीस, खडूच्या खुणेवर. माझं पहिलं वाक्य दुसऱ्या मिनिटाला होतं, पण डोक्यात फक्त खुर्ची होती. ती खुणेवर टेकली आणि मी नाटकात होतो. त्याने हे मुद्दाम केलं होतं हे मला खूप वर्षांनी कळलं.

आज मी एका मुलीला कंदील दिलाय धरायला. पहिलंच वर्ष आहे तिचं.

शास्त्रीरोड | १७ ऑगस्ट, रात्री ९.५०

आठवडाभर इथे लिहिलं नाही. करून बघत होतो.

साकवताई, सोमवारी रात्री लिहायला बसलो. चार पानं झाली. वडिलांबद्दल लिहिताना लक्षात आलं की ते अभ्यासाचं विचारत नाहीत ते मला वाईट वाटू नये म्हणून, असं मी गृहीत धरलं होतं. बुधवारी फोनवर मीच विषय काढला. ते म्हणाले, मला त्यातलं कळत नाही रे, उगीच काहीतरी चुकीचं विचारेन म्हणून गप्प असतो. मग मी त्यांना पंचायत राजवरचं एक उत्तर वाचून दाखवलं. ते दोन वेळा सरपंचाच्या निवडणुकीला उभे राहिलेत, त्यांनी त्यातल्या दोन गोष्टी दुरुस्त केल्या. ती दुरुस्ती पुस्तकात नाही.

मास्तर, रात्री दहानंतर आता फक्त नकाशे आणि कलमं. अर्थशास्त्र सकाळी. पहिले दोन दिवस काही फरक नव्हता. काल एक पान एकदाच वाचून पुढे गेलो. झोप अजून तुटतेय. १४४१६ ला फोन केला होता, ससून रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवायला सांगितलंय, मंगळवारी जातोय. पर्वती राहिली आहे.

उजव्या रकान्यात एक ओळ लिहिली आहे: हा शेवटचा प्रयत्न, आणि निकाल काहीही लागला तरी जूनमध्ये गावाकडच्या मित्राबरोबर कृषी सेवा केंद्राचं बघायचं. हे लिहिल्यावर फार रडू आलं. मग बराच वेळ शांत वाटलं.

मोगरा_कोथरूड | १७ ऑगस्ट, रात्री १०.२०

तुझं वाचून सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणतायत, मुलगा चतुर्थीला घरी जाणार नसेल तर इथे जेवायला बोलाव.

मी पुढचं विचारते. हरतालिकेच्या दिवशी संध्याकाळी पाचला आमच्याकडे चाळीस नारळ फोडायचे आणि खवायचे असतात. माझा त्या दिवशी उपास, नणंद सारणावर. हात कमी पडतात. अभ्यास बुडणार नसेल तरच. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

शास्त्रीरोड | १७ ऑगस्ट, रात्री १०.३५

येतो ताई. मोदक वळता येत नाहीत, पण नारळ खवतो. घरी सणाला ते काम माझ्याकडेच असायचं. विळी आहे ना, की मशीन?

मोगरा_कोथरूड | १७ ऑगस्ट, रात्री १०.३७

विळी. दोन आहेत.